पित्तानं डोकं चढतं की डोक्यानं पित्त?

"एकादशीला माझं डोकं चढतंच. उपासानं पित्त होतं आणि ते डोक्यात जातं. उलटी झाली की बरं वाटतं. म्हणजे हे पित्तच ना?"

पंढरपुरात हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. औषधाच्या दुकानात लोक पित्ताची आणि डोक्याची अशा दोन्ही गोळ्या एकदमच मागतात. प्रश्न विचारणाऱ्याचं निरीक्षण चुकीचं नसतं. उपास, मळमळ, उलटी आणि डोकेदुखी हे सगळं खरोखरच एकामागून एक येतं. चुकतो तो क्रम लावण्यात. या प्रकरणात तो क्रम आधी सरळ करू आणि मग घरच्या घरी काय करता येतं ते पाहू. उपायांकडे थेट उडी मारू नका. कारण कळलं नाही तर उपायाची वेळ चुकते, आणि या दुखण्यात सगळं वेळेवर अवलंबून असतं.

१. हे पित्त नव्हे, अर्धशिशी आहे

आपल्या आज्या ज्याला अर्धशिशी म्हणत आणि डॉक्टर ज्याला मायग्रेन म्हणतात, ते दुखणं ओळखायला तपासणी लागत नाही, नीट विचारपूस लागते. डोकं बहुधा एका बाजूनं दुखतं, पण दोन्ही बाजूंनीही दुखू शकतं. नाडी उडावी तसं ठणकतं. जिना चढला, वाकून केर काढला की वाढतं. उजेड आणि आवाज सोसवत नाही, मळमळतं किंवा उलटी होते. उपचार केले नाहीत तर हे चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालतं. मग माणूस पूर्ण बरा होतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. असे पाच झटके येऊन गेले असतील आणि दोन झटक्यांमध्ये तब्येत ठणठणीत असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा एवढ्यावरूनच निदान करतात.

यात मळमळ हे लक्षण आहे, कारण नव्हे. झटका सुरू झाला की जठराचं काम मंदावतं. सकाळी खाल्लेलं दुपारपर्यंत तसंच पोटात राहतं आणि मग आंबट होऊन बाहेर पडतं. उलटीनंतर पुष्कळांना उतार पडतो हे खरं. पण पित्त पडलं म्हणून डोकं थांबलं, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या सुमाराला झटकाच ओसरत आलेला असतो, आणि उलटीनंतर झोपही लागते.

हा फरक कळण्याला इतकं महत्त्व का? पित्त समजून माणूस उलटी होण्याची वाट बघत बसतो. ती होईपर्यंत तीन-चार तास जातात, आणि औषधाचा उपयोग होण्याची वेळ निघून गेलेली असते. चष्म्याचा नंबर आणि सायनस यांच्यावरही असाच दोष येतो. चष्मा बदलला, नाकाची औषधं झाली, तरी महिन्यातून दोन-तीनदा एक बाजू ठणकतेच. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा त्रास आहे. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो, आणि आपल्याकडे त्यातल्या बहुतेकजणी तो ‘पित्त’ या नावाखाली वर्षानुवर्षं काढतात.

२. कवटीच्या आत काय घडतं

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. कपाळ, डोळा, गाल, जबडा आणि ही आवरणं यांची खबर मेंदूपर्यंत नेणारी एक मोठी नस प्रत्येक बाजूला असते. अर्धशिशीत ही नस चेतते आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं. त्यानं रक्तवाहिन्या फुगतात आणि आजूबाजूच्या भागाची संवेदना वाढते. मग नाडीचा प्रत्येक ठोका ठणका होऊन जाणवतो, केसांतून फणी फिरवली तरी दुखतं. हे रसायन आणि त्यावरची औषधं यांचा मार्ग दाखवणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकल मोस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ साली डेन्मार्कचा ‘ब्रेन प्राइझ’ मिळाला.

तीन-चार जणांत एखाद्याला दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात. मधला भाग दिसेनासा होतो, हाताला किंवा ओठाला मुंग्या येतात. साधारण पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत हे चालतं. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना स्वतःलाच असा त्रास होता. डोळ्यांपुढचा डाग कसा पसरतो याची नोंद ते ठेवत गेले. दृष्टीच्या केंद्रात कसला तरी बदल मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या गतीनं सरकत असावा, असा हिशेब त्यांनी १९४१ साली मांडला. पुढे १९४४ साली ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओ यांना सशाच्या मेंदूत अशीच हळूहळू पसरणारी विद्युत लाट आढळली. त्या चमकत्या रेघांमागे हीच लाट असते, असं आज मानलं जातं.

झटक्याची चाहूल त्याच्याही आधी लागते. आदल्या दिवशीच जांभया येतात, मान धरते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. त्या ओढीनं माणूस पेढा खातो, दुसऱ्या दिवशी डोकं चढतं आणि आळ येतो पेढ्यावर. पथ्याच्या लांबलचक याद्या अशाच तयार होतात. चॉकलेट, दही, टोमॅटो असा एकेक पदार्थ सोडत बसण्याऐवजी स्वतःच्या नोंदी ठेवाव्यात. त्या कशा ठेवायच्या ते पुढे येईलच.

३. उजनीची पातळी

"मागच्या एकादशीला उपास केला तेव्हा काहीच झालं नाही. मग उपास हे कारण कसं?" हा पुढचा प्रश्नही रास्त आहे.

पंढरपूरकराला याचं उत्तर नदीवरून चटकन कळेल. वाळवंटात पाणी केव्हा शिरेल हे गावातल्या पावसावर ठरत नाही. उजनीत किती साठा झाला, पुण्याच्या बाजूनं किती पाणी येतंय, वरून वीर धरणातून नीरेत किती सोडलं, या सगळ्याची बेरीज झाली की चंद्रभागा पात्र सोडते. त्यातलं एकच असेल तर घाट कोरडा राहतो. अर्धशिशीचंही तसंच आहे. उपास, जागरण, ऊन, चुकलेला चहा, उग्र वास, पाळीचे दिवस, मनावरचा ताण यांतलं प्रत्येक थोडी थोडी भर घालतं. बेरीज एका रेषेपलीकडे गेली की झटका येतो. ही रेषा ज्याची त्याची वेगळी असते, आणि ती बरीचशी वंशपरंपरेनं येते. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन बहिणींपैकी एकीलाच त्रास होतो तो यामुळे.

आता आषाढीचं एक उदाहरण घेऊ. घरात पाहुणे उतरलेत. दशमीच्या रात्री सगळं आवरून घरातली बाई एक वाजता पडते. चार वाजता उठून चंद्रभागेवर जाते, डोक्यावरून स्नान करते, ओले केस तसेच बांधते. उपास निर्जळी असल्यानं रोजचा सहाचा चहा नाही. मग प्रदक्षिणेच्या रस्त्यावरची गर्दी, टाळ-मृदंगाचा जवळून येणारा आवाज, उदबत्ती आणि बुक्क्याचा वास, ढगांतून मध्येच येणारं तिखट ऊन. अकराच्या सुमाराला डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू होतो. मागच्या साध्या एकादशीला तिनं उपास केला होता, पण झोप पुरी झाली होती, चहा घेतला होता आणि ऊन नव्हतं. उपास तोच होता, बेरीज वेगळी होती.

यातून कामाची गोष्ट निघते. सगळी कारणं टाळता येत नाहीत, टाळायची गरजही नसते. आषाढीला गर्दी आणि आवाज आपल्या हातात नाही. झोप, पाणी आणि चहा आहे. तेवढं सांभाळलं तरी पातळी पुष्कळदा रेषेखाली राहते.

४. उपास, चहा आणि ओले केस

तिन्ही गोष्टी इथल्या रोजच्या जगण्यातल्या आहेत, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबू.

उपासानं डोकं दुखणं ही काही आपल्याच धर्मातली गोष्ट नाही. ज्यूंच्या योम किप्पूरच्या आणि मुसलमानांच्या रमजानच्या उपवासातही हेच दिसतं, आणि डॉक्टरांनी त्याचा रीतसर अभ्यास केला आहे. बराच वेळ पोटात काही न जाणं, पाणी कमी पडणं, झोपेची वेळ बदलणं ही कारणं त्यात येतात. ज्याला अर्धशिशी आहे त्यानं निर्जळी उपास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकादशी फराळाची करावी आणि फराळ दुपारी एकदाच ताटभर न घेता दर तीन-चार तासांनी थोडा थोडा घ्यावा. राजगिऱ्याचा लाडू, केळं, भगर आणि दाण्याची आमटी, शेंदेलोण घातलेलं ताक असं काहीही चालेल. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास जाणार असतील तर दोन लाडू आणि पाण्याची बाटली पिशवीत हवीच. औषधाच्या गोळीनं उपास मोडत नाही असं बहुतेक घरांत मानतात. मोडतो असं वाटत असेल, तर आपल्या फडावरच्या जाणत्या महाराजांना आधीच विचारून ठेवा. ऐन ठणक्यात त्यावर वाद नको.

चहाचं दुखणं दुहेरी आहे. चहातल्या कॅफिननं दुखणाऱ्या डोक्याला उतार पडतो आणि गोळीचा गुणही वाढतो. पण रोज चार-पाच कप घेणाऱ्यानं तो एकदम बंद केला, तर बारा ते चोवीस तासांत त्यामुळेच डोकं दुखतं. उपासाची म्हणून समजली जाणारी कितीतरी डोकेदुखी खरी चहाची असते. म्हणून रोजचे कप दोन-तीनवर आणावेत, तेही हळूहळू, आणि एकादशीला नेहमीच्या वेळचा चहा चुकवू नये.

आणि ओले केस. "न्हायलं की डोकं चढतं" असं बायका पूर्वापार सांगत आल्या आहेत, आणि पूर्वी हे कोणी फारसं मनावर घेत नसे. मुंबईत डोकेदुखीचं खास क्लिनिक चालवणारे डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून अंघोळ केल्यानं अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या यादीत नसलेलं हे कारण आपल्याकडच्या रुग्णांनी वैद्यकाला दाखवून दिलं. हा अनुभव येत असेल तर उपाशीपोटी न्हाऊ नका, पाणी कोमट घ्या, केस लगेच पंचानं टिपून मोकळे सोडा. चंद्रभागेत स्नान करायचंच असेल तर त्या दिवशी केस न भिजवता करा.

५. पहिला तास

झटका आलाच, तर खरं काम पहिल्या तासात असतं. जठर मंदावण्याआधी गोळी पोटातून रक्तात जायला हवी. "अजून थोडं बघू, वाढलं तर घेऊ" हा संयम इथे तोट्याचा आहे. डोकं साधं दुखतंय की अर्धशिशी उठतेय, हे ज्याचं त्याला बहुधा कळतं. तसं कळताक्षणी दोन बिस्किटं किंवा उपास असेल तर केळं खाऊन, पाण्याबरोबर गोळी घ्यावी.

मोठ्या माणसासाठी सगळ्यात साधी गोळी पॅरासिटामॉल. तिचा डोस ५०० ते १००० मिलिग्रॅम, आणि चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या पुढे कधीही नाही. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरंच कमी, तेही डॉक्टरला विचारून. पुष्कळांना आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमचा गुण जास्त येतो. पण अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर ती घेऊ नये. उन्हात चालून अंगातलं पाणी आटलेलं असतानाही ती टाळावी. ताप असेल तर ती आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही नकोत, कारण पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये. उलटीमुळे गोळी टिकतच नसेल, तर उलटी थांबवणारं आणि जठराला चालना देणारं औषध डॉक्टर सोबत देतात. ते आधीच लिहून घेऊन घरात ठेवावं.

गोळी घेतल्यावर आडवं व्हायचं. खोलीत अंधार, मोबाइल दूर, उदबत्ती विझवलेली, फोडणीचा वास येणार नाही असा कोपरा. बर्फ पंचात गुंडाळून कपाळावर, कानशिलावर आणि मानेच्या मागे दहा-पंधरा मिनिटं धरावा. बर्फ थेट कातडीला लावू नये. काहींना मानेवर गरम शेक जास्त मानवतो, त्यांनी तो घ्यावा. पाणी घोटाघोटानं प्यावं. उलट्या झाल्या असतील तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते प्यावं. आणि झोपावं. मुलांमध्ये तर नुसत्या झोपेनंही झटका उतरतो.

हे सगळं लिहायला सोपं आहे. पण घरात आठ पाहुणे असताना बाईला अंधारी खोली कोण देणार? म्हणून हा भाग घरातल्या बाकीच्यांनीही वाचावा. तो एक तास तिला मिळाला तर ती दुपारी उठून बसते. नाही मिळाला तर दोन दिवस जातात.

६. सुंठ, बाम आणि दूध-जिलेबी

घरगुती उपायांना सरसकट हसू नये आणि सरसकट मानही डोलवू नये. सुंठीचा किंवा आल्याचा चहा मळमळीला चांगला, आणि लहान लहान अभ्यासांत आल्यानं अर्धशिशीतही थोडा उतार पडलेला दिसला आहे. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनपासून आजच्या सगळ्या बामांपर्यंत, त्यांतल्या पुदिन्याच्या अर्काचा गारवा वेदनेवरून लक्ष हटवतो. वासच सोसवत नसेल तर मात्र बामानं मळमळ वाढते. तो डोळ्यांजवळ आणि तान्ह्या मुलांना लावू नये. डोक्याला फडकं घट्ट बांधल्यानं कानशिलावर दाब येतो आणि अनेकांना बरं वाटतं, त्यात नुकसान काही नाही. सुंठीचा लेप कातडीला चरचरला तर धुऊन टाकावा.

सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खाण्याचा उपाय जुना आहे. रात्रभराच्या उपाशी पोटात पहाटे साखर, दूध आणि पाणी जातं. ज्याचा झटका सकाळी रिकाम्या पोटी येतो, त्याला याचा गुण येणं शक्य आहे. पण मग पहाटेची भाकरी-दूधही तेच काम करेल, आणि मधुमेह असेल तर तेच बरं. नाकात तेल-तूप सोडण्याचा प्रयोग मनानं करू नये.

७. कालनिर्णयवरच्या खुणा

दूधवाल्याचा हिशेब जिथे लिहिता, तिथेच हाही ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयात डोकं दुखलं त्या तारखेला टिंब द्या, गोळी घेतली तर टिंबाभोवती गोल काढा, पाळी आली तर फुली मारा. एकादशी त्यात आधीच छापलेली असते. तीन महिन्यांनी पानं उलटलीत की टिंबं एकादशीच्या मागेपुढे येतात, पाळीच्या आदल्या दोन दिवसांत येतात की लग्नसराईतल्या जागरणांनंतर, ते नजरेला पडतं.

गोल मात्र दर महिन्याला मोजा, कारण या दुखण्यातला सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस घेतल्या, तर गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांच्या बाबतीत दहा दिवसही पुरे होतात. गोळी उतरली की डोकं चढतं, म्हणून पुन्हा गोळी, आणि हे फिरत राहतं. समजा ज्येष्ठात गोल चार होते, आषाढात सात झाले, श्रावणात अकरा. तर भाद्रपदाची वाट न बघता डॉक्टरकडे जावं. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल, तर आणखी तीव्र गोळी हे त्यावरचं उत्तर नसतं. तिथे झटकेच कमी करणारे वेगळे उपचार लागतात.

८. पाळी आणि ती पुढे ढकलण्याच्या गोळ्या

पाळीच्या तोंडावर अंगातलं इस्ट्रोजेन एकदम उतरतं आणि अनेकींना त्याच दिवसांत सर्वांत कडक झटका येतो. त्या दोन-तीन दिवसांत तरी उपास, जागरण आणि न्हाणं यांची भर पडू देऊ नये.

वारीला किंवा घरच्या पूजेला अडचण नको म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून पाळी पुढे ढकलण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ज्यांना झटक्याआधी चमकत्या रेघा दिसतात किंवा मुंग्या येतात, त्यांनी हे मुळीच करू नये. अशा अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच किंचित जास्त असतो आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी तो वाढतो. संततिनियमनाच्या गोळ्या लिहून घेतानाही डॉक्टरला या रेघांबद्दल सांगाच, विचारलं नाही तरी सांगा.

९. डॉक्टरकडे कधी जायचं

महिन्यात चार किंवा अधिक दिवस जात असतील, तर झटके कमी करणारी रोजची औषधं मिळतात. प्रोप्रानोलॉल, फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन ही त्यांतली जुनी आणि स्वस्त नावं. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल चालत नाही, अशा प्रत्येक औषधाच्या अटी असल्यानं ती डॉक्टरनंच द्यायची. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडून देऊ नये. झटक्यासाठी ट्रिप्टान गटातल्या खास गोळ्या १९९१ पासून उपलब्ध आहेत, पण हृदयविकार असलेल्यांना त्या चालत नाहीत. सुरुवात पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात करता येते, पुढची तपासणी लागली तर सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. जाताना कालनिर्णयाची पानं बरोबर न्या, स्कॅनपेक्षा ती जास्त बोलतात. नेहमीच्या ठरीव अर्धशिशीत स्कॅनची गरज सहसा पडत नाही.

पुढची लक्षणं मात्र घरी थांबण्याची नाहीत. आयुष्यात कधी नव्हे अशी क्षणात शिगेला गेलेली डोकेदुखी. ताप आणि ताठरलेली मान. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं किंवा गरोदरपणात नव्यानं आलेलं दुखणं. आकडी. उन्हात चालताना डोकं दुखून अंग तापणं आणि बरळणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं. यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. आणि लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून सोबत द्या, कारण पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.